तिचं आधी ऐका : अमेरिकेत रेसिडेन्सीला निघालेल्या मराठी डॉक्टरांना खुले पत्र



मार्चमध्ये रेसिडेन्सीसाठी तुमची मॅच लागली, पेढे वाटून झाले, व्हिसाची धावपळही आता संपत आली असेल. १ जुलैच्या सुमारास तुम्ही ब्रुकलिन, ब्रॉन्क्स, डेट्रॉइट, शिकागो, नाहीतर दक्षिणेतल्या एखाद्या शहरात पहिली ड्यूटी कराल. बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरांना ज्या रुग्णालयांत जागा मिळतात, त्यातली पुष्कळशी गरिबांच्या वस्त्यांना धरून असतात. तिथे तुमच्यासमोर येणाऱ्या स्त्रियांमध्ये कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने असतील. मी न्यू जर्सीत प्रसूती विभागात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. ओरिएंटेशनच्या आठवड्यात जी गोष्ट तुम्हाला दोन स्लाइडांत सांगून पुढे सरकतील, ती मला इथे सावकाश सांगायची आहे.

२०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या. कृष्णवर्णीय मातांचा आकडा ५०.३ होता, म्हणजे तिपटीहून अधिक. त्या वर्षी गोऱ्या, हिस्पॅनिक आणि आशियाई या तिन्ही गटांचे आकडे आदल्या वर्षापेक्षा उतरले. कृष्णवर्णीयांचा मात्र उतरला नाही. तुम्ही ज्या महाराष्ट्रातून निघालात, तिथला २०१८–२० चा माता मृत्युदर ३३ होता. दोन देशांच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवताना जपायला हवं. तरीही जगात आरोग्यावर सर्वांत जास्त पैसा ओतणाऱ्या देशातल्या एका समाजाच्या बाळंतिणी या पातळीवर मरतात, एवढं त्यातून नक्की दिसतं.

तुमच्या मनात येईल, गरिबी असणार, शिक्षण कमी असणार, तपासणीला येत नसणार. माझ्याही ओळखीतले चांगले शिकलेले लोक हेच म्हणतात. पण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाविद्यालयीन पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण तितक्याच शिकलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या ५.२ पट निघालं. शाळासुद्धा पुरी न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा पदवीधर कृष्णवर्णीय बाईला धोका जास्त होता. पैसा आणि शिक्षण ही ढाल इतर कुणाच्याही उपयोगी पडते. इथे ती तोकडी पडते.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मुलींनी ४ × १०० मीटर रिले जिंकली, ती शर्यत तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. प्राथमिक फेरीत धक्का लागून बॅटन पडली, दाद मागितल्यावर त्यांना रिकाम्या ट्रॅकवर एकट्यांना पुन्हा धावू दिलं, आणि अंतिम फेरीत अगदी आतल्या लेनमधून धावत त्यांनी सुवर्णपदक घेतलं. टियाना बार्टोलेटा, अ‍ॅलिसन फेलिक्स, इंग्लिश गार्डनर आणि शेवटच्या टप्प्याला टोरी बोवी. दोन वर्षांनी फेलिक्स गरोदरपणात नेहमीच्या तपासणीला गेली, तिथे तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया सापडला आणि ३२ व्या आठवड्यात तातडीने सिझेरियन करावं लागलं. बार्टोलेटाचं बाळही दिवस भरण्याच्या कितीतरी आधी जन्मलं. टोरी बोवी २०२३ च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडली. वय ३२, आठवा महिना, कळा सुरू झालेल्या. शवविच्छेदनाच्या अहवालात संभाव्य कारणांमध्ये एक्लॅम्प्सियाचं नाव होतं. पृथ्वीवरच्या सर्वांत तंदुरुस्त अशा चार शरीरांपैकी तिघींची ही कथा. फेलिक्सने पुढे याबद्दल जाहीरपणे लिहिलं, बोलली. ते वाचा.

सेरेना विल्यम्सचं बाळंतपण तुम्ही डॉक्टर म्हणून वाचावं असं आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सिझेरियन झालं आणि दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. तिच्या फुप्फुसात पूर्वी गुठळ्या झालेल्या होत्या. तिने नर्सला स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मला सीटी स्कॅन हवा आणि हेपरिन हवं. नर्सला वाटलं, वेदनाशामकामुळे बाई बरळते आहे. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही, मग सीटी झाला आणि फुप्फुसात गुठळ्या दिसल्या. रुग्णाने निदान सांगितलं, तपासणी सांगितली, औषध सांगितलं, आणि ती रुग्ण जगातली सर्वांत प्रसिद्ध टेनिसपटू होती. तुमच्या वॉर्डात येणाऱ्या बाईकडे यातलं काही नसेल. तिच्याकडे फक्त ‘मला बरं वाटत नाही’ हे वाक्य असेल.

शॅलन अर्व्हिंग सीडीसीमध्येच साथरोगतज्ज्ञ होत्या. विषमता माणसाच्या तब्येतीत कशी उतरते, हाच त्यांच्या कामाचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये त्यांना मुलगी झाली. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत रक्तदाब, सूज, डोकेदुखी, वाढतं वजन अशा तक्रारी घेऊन त्या पुन्हापुन्हा दवाखान्यात गेल्या. शेवटच्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देऊन त्यांना घरी पाठवलं. त्याच रात्री त्या कोसळल्या आणि काही दिवसांत गेल्या. वय ३६. त्यांची मैत्रीण लॉरेन अंडरवुड या स्वतः परिचारिका, नंतर काँग्रेसवर निवडून आल्या आणि कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्यासाठी ‘मॉम्निबस’ नावाची विधेयकांची मोट त्यांनी अ‍ॅल्मा अ‍ॅडम्स यांच्यासह २०२० मध्ये मांडली. ती मोट पूर्णपणे कायद्यात उतरलेली नाही, याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, जनुकीय काही असेल. १९९७ मध्ये रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासल्या. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांचं वजन गोऱ्यांच्या बाळांच्या जवळ जाणारं होतं. अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची बाळं मात्र हलकी. दोष रक्तात असता तर उलट दिसायला हवं होतं. अर्लिन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ मध्ये ‘वेदरिंग’ ही मांडणी केली: सततचा अपमान, सततची सावधगिरी शरीराला वयाआधी झिजवते. उन्हापावसात उभ्या असलेल्या लाकडासारखं हे झिजणं बाहेरून बराच काळ दिसत नाही. म्हणून तिशीतल्या कृष्णवर्णीय बाईचा १४० चा रक्तदाब पाहून ‘तरुण आहे, होईल कमी’ असं म्हणू नका.

आता आपल्या हातातल्या हत्याराबद्दल. सिम्स स्पेक्युलम इंटर्नशिपमध्ये तुम्ही शेकडो वेळा वापरला असेल. मॅरियन सिम्स हा डॉक्टर १८४० च्या दशकात अलाबामातल्या माँटगोमेरीत गुलाम स्त्रियांवर फिस्टुलाच्या शस्त्रक्रिया शिकला. भूल न देता. त्या स्त्रियांची संमती घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या कुणाच्यातरी मालकीच्या होत्या. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीन नावं त्याच्याच लिखाणामुळे आपल्यापर्यंत पोचली. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेला त्याचा पुतळा होता, तो २०१८ मध्ये हलवला गेला. माँटगोमेरीत मिशेल ब्राउडर या शिल्पकर्तीने २०२१ मध्ये टाकाऊ धातूंतून या तिघींचे उंच पुतळे उभारले. आपल्या पुस्तकांत सिम्स आहे. अनार्का नाही.

हे जुनं झालं, असं समजू नका. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंट डॉक्टरांना विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी ‘कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते’ यासारखं निदान एक तरी खोटं विधान खरं मानलं. ज्यांनी ते मानलं, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी धरली. सिझेरियननंतर पुढचं बाळंतपण नैसर्गिक होईल का, याचं गणित करणाऱ्या सूत्रात २०२१ पर्यंत वंशाचा रकाना होता. तो भरला की कृष्णवर्णीय बाईची शक्यता आपोआप घटायची आणि तिला पुन्हा सिझेरियनकडे वळवलं जायचं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या कातडीवर चुकतो, हे डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आलं: रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्र ठीक दाखवतं, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट वेळा आढळलं. धाप लागलेली बाळंतीण आणि स्क्रीनवर ९४. कुणावर विश्वास ठेवायचा, हे तुम्हाला रात्री तीन वाजता ठरवावं लागेल.

आपल्या घरातलंही बोलायला हवं. न्यू जर्सीतल्या आपल्या दिवाणखान्यांत कृष्णवर्णीयांविषयी काय बोललं जातं, हे मी ऐकत आले आहे. ‘त्या भागात घर घेऊ नका’, ‘त्यांना कामच नको असतं’. नवा आलेला विद्यार्थी सहा महिन्यांत हे सगळं उचलतो, ज्या माणसांशी तो अजून धड बोललेलाही नाही त्यांच्याबद्दल. त्यात आपण गोऱ्या रंगाचं कौतुक घरूनच घेऊन आलेलो असतो. आणि लेबर रूमची आपली भाषा! कळा देणाऱ्या गरीब बाईला ‘ओरडू नकोस, तेव्हा बरं वाटलं होतं ना?’ असं म्हटलेलं तुम्ही इंटर्न असताना ऐकलं असेल. ज्या बाईची जात आणि परिस्थिती खालची, तिच्यावर आवाज चढलेला आणि ज्या बाईसाठी कुणाचा फोन आलेला, तिला ‘ताई’ म्हटलेलं. ही सवय विमानात चढते. इथे ती इंग्रजी बोलायला लागते, मऊ होते, ‘डिफिकल्ट पेशंट’ असं लिहिते. तुम्ही गोरेही नाही, कृष्णवर्णीयही नाही, म्हणून या भांडणाच्या बाहेर आहात असं तुम्हाला वाटेल. बाहेर कुणी नसतं. पांढरा कोट घातला की तुम्ही त्या व्यवस्थेचा आवाज होता.

मी स्त्रीरोग घेतलेलंच नाही, मी इंटर्नल मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिनला आहे, असं म्हणून पत्र बाजूला ठेवणार असाल तर थांबा. तुमच्यातले बहुसंख्य तिथेच असणार, हे मला माहीत आहे आणि मुख्यतः तुमच्यासाठीच मी लिहिते आहे. राज्याराज्यांच्या मातामृत्यू परीक्षण समित्यांनी २०१७ ते २०१९ मधले मृत्यू तपासले, तेव्हा त्यातले ५३ टक्के बाळंतपणानंतर आठवडा उलटल्यावर ते वर्षापर्यंतच्या काळात झालेले निघाले. पाचांपैकी चारांहून अधिक टाळता आले असते. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये सर्वांत वरचं कारण हृदयाचं होतं. म्हणजे ती बहुतेकदा लेबर रूममध्ये मरत नाही. ती विसाव्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात, इमर्जन्सीत येते. धाप लागते, झोपलं की जास्त लागते, पाय सुजलेत. आणि तिला ‘अँग्झायटी’ म्हणून घरी पाठवलं जातं, किंवा दम्याचा पंप मिळतो. तिची पेरिपार्टम कार्डिओमायोपथी तुमच्या हातात येणार आहे, प्रसूतितज्ज्ञाच्या नव्हे.

आपल्याकडे सव्वा महिना असतो. बाळंतिणीच्या अवतीभवती आई, सासू, मालिश करणारी बाई, कुणी ना कुणी असतं, आणि तिचा चेहरा उतरला की कुणाच्यातरी लक्षात येतं. आपल्या मुलींची बाळंतपणं करायला पुण्या-नाशिकहून डिंकाचे आणि अळिवाचे लाडू घेऊन आज्या इथे येतात, सहा महिन्यांच्या मुक्कामाला. इथे पगारी बाळंतपणाची रजा देणारा देशव्यापी कायदा नाही. १९९३ चा कायदा १२ आठवडे देतो, तेही बिनपगारी आणि सगळ्यांना नाही. तुमच्या रुग्णांतल्या कित्येकजणी टाके भरायच्या आत कॅश काउंटरवर उभ्या असतील. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्याचं संरक्षण पूर्वी बाळंतपणानंतर ६० दिवसांत संपायचं. २०२१ च्या कायद्याने ते वर्षभर वाढवायची मुभा राज्यांना मिळाली आणि जवळजवळ सगळ्या राज्यांनी ती घेतली. या काळातली ही खरी चांगली बातमी.

आता जी बाळ घेऊन घरी जात नाही, तिच्याबद्दल. अमेरिकेत दर १७५ जन्मांमागे साधारण एक बाळ २० आठवड्यांनंतर पोटातच जातं. वर्षाला सुमारे २१ हजार. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीच्या घरात आहे. त्याआधीच्या गर्भपाताबद्दल लॅन्सेटने २०२१ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून दाखवलं की कृष्णवर्णीय स्त्रियांना तो धोका गोऱ्या स्त्रियांपेक्षा ४३ टक्के जास्त आहे. मिशेल ओबामा यांनी २०१८ मध्ये आत्मचरित्रात स्वतःच्या गर्भपाताबद्दल लिहिलं, ते घडून गेल्यानंतर वीस वर्षांनी. इतकी वर्षं त्यासुद्धा गप्प होत्या. ‘बाळ हलत नाही’ असं सांगत आलेल्या बाईला गोड पाणी पाजून परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी ठोके नव्हते, हे प्रसूती विभागात राबलेल्या प्रत्येक परिचारिकेला माहीत आहे.

ओहायोमध्ये २०२३ च्या सप्टेंबरात एका कृष्णवर्णीय स्त्रीला बाविसाव्या आठवड्याच्या तोंडावर पाणमोट फुटून बाळ राहणार नाही असं कळलं. रुग्णालयात खेटे घालून, उपचाराची तासन्‌तास वाट पाहून ती घरी गेली, आणि घरीच न्हाणीघरात सगळं झालं. पुन्हा रुग्णालयात आली तेव्हा तिच्या घरी पोलीस गेले. प्रेताची विटंबना केल्याचा गुन्हा तिच्यावर लावला गेला. जानेवारी २०२४ मध्ये ग्रँड ज्युरीने खटला भरायला नकार दिला. मूल गेलेल्या बाईला दुःख करायलासुद्धा आधी निर्दोष ठरावं लागलं. गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर अनेक राज्यांत गर्भपाताचे कायदे कडक झाले आहेत. तुम्ही ज्या राज्यात जाल तिथला कायदा नीट समजून घ्या, म्हणजे भीतीपोटी कायद्याहून जास्त हात आखडला जाणार नाही.

आपल्या घरांत गेलेलं बाळ आईला फारसं दाखवत नाहीत. कुणीतरी उचलून नेतं, पुरतं, नाव ठेवलेलं नसतं, दिवसवार नसतात. आईला म्हणतात, विसर, तू अजून लहान आहेस. हे प्रेमानेच म्हणतात. इथल्या चांगल्या विभागांत खोलीच्या दारावर पानाचं आणि त्यावरच्या थेंबाचं चित्र लावतात, म्हणजे आत जाणाऱ्या सफाई कामगारापर्यंत सगळ्यांना कळावं. बाळाला थंड ठेवणारा पाळणा असतो, त्यामुळे आईवडिलांना ते काही तास जवळ घेता येतं. पावलांचे ठसे घेतात. मी पाहिलं आहे, ही विचारपूसही सगळ्यांना सारखी होत नाही. रडणाऱ्या कृष्णवर्णीय बापाच्या आवाजाला घाबरून सुरक्षारक्षक बोलावला जातो. तुम्ही तिथे असाल तर त्याला खुर्ची द्या, बाळाचं नाव विचारा. ‘निदान तू वाचलीस’ आणि ‘पुढच्या वेळी होईल’ ही दोन वाक्यं कृपा करून उच्चारू नका.

कृष्णवर्णीय स्त्रियांशी आपलं एक जुनं नातंही आहे. १८६७ मध्ये रिबेका कोल ही कृष्णवर्णीय तरुणी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. १९ वर्षांनी त्याच महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी एमडी झाल्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं, आणि प्रबंधाचा विषय त्यांनी प्रसूतिशास्त्रच घेतला. आपण आनंदीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. त्यांच्या आधी त्या वर्गांत बसून गेलेल्या मुलीचं नावही आपल्याला शिकवलेलं नाही. ते तुम्ही माहीत करून घ्यावं असं मला वाटतं.

मातांचे हे मृत्यू कमी करता येतात, याचा पुरावा आहे. कॅलिफोर्नियाने २००६ पासून रुग्णालयांना एकत्र बांधलं. रक्तस्रावाचं सामान एका गाडीवर तयार ठेवायचं, रक्त नजरेने न अजमावता कपडे-पॅड वजन करून मोजायचं, कुणी काय करायचं याची तालीम करायची. २०१३ पर्यंत तिथला माता मृत्युदर निम्म्याहून खाली आला. मोजलं की मन काय म्हणतं याला वाव कमी राहतो, आणि ज्या बाईबद्दल मन आधीच काहीतरी ठरवून बसलेलं असतं तिला त्याचा सर्वांत जास्त फायदा होतो.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. इमर्जन्सीत येणाऱ्या मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला विचारा, ‘गेल्या वर्षभरात तुम्हाला दिवस गेले होते का?’ ‘बाळ आहे का?’ असं विचारू नका. जिचं बाळ गेलं, ती ‘नाही’ म्हणेल, तिच्या मांडीवरही काही दिसणार नाही, आणि तिचं हृदय, तिचा रक्तदाब, तिच्या गुठळ्या मात्र बाळंतिणीच्याच असतील. गरोदर किंवा बाळंत बाईच्या रक्तदाबाचा वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० पर्यंत गेला आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजूनही तिथेच राहिला, तर तासाभराच्या आत औषध सुरू झालंच पाहिजे. वरिष्ठ झोपलेले असले तरी उठवा. ती दुसऱ्यांदा आली असेल तर पहिल्या डॉक्टरच्या नोंदीवर विसंबू नका, स्वतः तपासा. तिच्यासोबत डूला, म्हणजे बाळंतपणातली सोबतीण, आली असेल तर तिला बाहेर काढू नका. ती बाई तुमच्यापेक्षा जास्त वेळ तिच्याजवळ बसलेली आहे. आणि रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात तुमच्या राज्याच्या मातामृत्यू परीक्षण समितीचा अहवाल काढून वाचा. तो सगळ्यांना मोफत मिळतो, आणि त्यात तुमच्या राज्यातल्या बायका कशाने मरतात ते लिहिलेलं असतं.

तुमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाला माझी एक विनंती पोचवा. दरवर्षी ११ ते १७ एप्रिल हा कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याचा सप्ताह ‘ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स’ ही संघटना २०१८ पासून पाळते. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमानंतर तेच सभागृह त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी पुन्हा मिळतं का पाहावं, जवळच्या एखाद्या कृष्णवर्णीय सुईणीला मानधन देऊन बोलवावं, आणि आपल्या लोकांनी समोर बसून ऐकावं.

तुमची,
एक निवृत्त परिचारिका
न्यू जर्सी